अभ्यास पुरे, साहेब

माननीय धोरणकर्ते साहेब, मुक्काम दिल्ली.

आधी अभिनंदन. म्हाताऱ्यांचा तुमच्याइतका सखोल अभ्यास त्यांच्या पोटच्या पोरांनीही केला नसेल. २०१७-१८ च्या 'लासी' या वार्धक्याच्या देशव्यापी पाहणीत तुम्ही पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांपर्यंत पोचलात. हाताची पकड मोजलीत, बोटातून रक्ताचा थेंब घेतलात, अंघोळ आपली आपण जमते का, संडासला जाता येतं का, तेही विचारलंत. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने काम चोख केलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. साठीपुढच्या साधारण दर चौघांतल्या एकाला अशा रोजच्या कामांपैकी एखादं तरी जड जातं, हे जानेवारी २०२१ मध्ये छापूनही आलं.

मग? मग फेब्रुवारी २०२४ मध्ये वृद्धांच्या देखभालीवर नीती आयोगाचा आणखी एक दस्तऐवज. आरोग्य, सामाजिक, आर्थिक आणि डिजिटल असे चार विभाग. डिजिटल! अंथरुणाला खिळलेल्या आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, साहेब. ते ॲपवरून होत नाही.

ते सून करते. नाहीतर स्वतःच सत्तरीला टेकलेली बायको. नाहीतर नर्सिंग ब्युरोकडून आलेली मावशी, जिचा पगार म्हाताऱ्याच्या पेन्शनीत बसत नाही. या सगळ्याला तुम्ही कौतुकाने भारतीय कुटुंबव्यवस्था म्हणता. कौतुक वाटणारच, फुकट पडते ना! उचलून उचलून कंबर गेलेल्या त्या सुनेची पकड मात्र अजून कोणी मोजायला आलेलं नाही.

वृद्धापकाळ पेन्शनीत केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, ऐंशी गाठली की ५००. राज्य भर घालतं म्हणून निभतं. ज्याने हे आकडे ठरवले त्याने मोठ्यांच्या डायपरचं पाकीट कधी विकत घेतलेलं नसावं. सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचे पाच लाख आहेत, कबूल, पण दवाखान्यात दाखल झाल्यावर. म्हणजे आधी पाठीला जखम होऊ द्यायची, मग पैसे. ती होऊ नये म्हणून घरी राबणाऱ्या बाईला छदाम नाही.

२००७ च्या कायद्याने आईबापांना टाकणाऱ्या मुलाला तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दंड ठेवला आहे. छान केलंत. त्याच कायद्यात जिल्ह्यागणिक दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तो उभारला नाही म्हणून कोणाला शिक्षा, हे सांगणारं कलम तेवढं राहून गेलं.

जपानने २००० साली देखभालीचा सक्तीचा विमा आणला. चाळिशीपासून हप्ता भरायचा, गरज पडली की पालिका तपासते आणि मदतीला माणूस घरी येतं. हे तुम्हाला तोंडपाठ असणार.

तर नवी पाहणी नको, नवी समिती नको. मावशीच्या पगाराचा किती हिस्सा सरकार उचलणार आणि कोणत्या वर्षापासून, एवढंच एका कागदावर लिहून पाठवा. खाली सही करून.

कळावे.