शिवणीतली माया

बप्पांची कंबर माझ्या मापवहीत १९९७ पासून आहे. त्या साली त्यांचं लग्न होतं. सफारीसाठी टेप लावला तर कंबर २९ भरली, तीही टेपखाली दोन बोटं घालून. पुढं ३१ झाली, ३४ झाली, थोरला पोरगा झाला तेव्हा ३६, आडतीचं दुकान वाटणीला आलं तेव्हा ३८. त्यानंतर अकरा वर्षं ३८ च. वैरागची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, माझ्या समोर तीन रेडिमेडवाले बसले, सोयाबीनचा भाव चढला आणि आपटला, पण बप्पांची कंबर अडतिसावर जी बसली ती बसलीच.

बप्पा हे चारचौघांत सांगतात. "अकरा वर्षं झाली मास्तर, इंचभर हलू दिली न्हाई."

खरी गोष्ट अशी की कंबर हलली नाही, कारण विजार हलली. पोट पुढं यायला लागलं की माणूस विजार पोटावर घालायचं सोडतो आणि पोटाखाली घालायला लागतो. तिथं हाड असतं आणि हाड काही सुटत नाही. दरसाल विजार बोटभर खाली उतरते, माप तेच राहतं आणि वरचं पोट मोकळं सुटतं. मला हे आसनावरून कळतं. बप्पांच्या विजारीचं पुढचं आसन दरवेळी पाव इंचानं कमी करावं लागतं. आता ते इतकं कमी झालंय की आणखी कमी केलं तर चेन लावायला जागा उरणार नाही.

पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. 'वाढली' हा शब्द टेलरच्या दुकानात उच्चारत नाहीत. आम्ही म्हणतो, "कापड जरा आटतंय हल्ली." आणि गुपचूप मागच्या शिवणीत दोन इंच माया सोडतो. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, पुढंमागं उसवून सैल करता यावं म्हणून. आईची असो की शिंप्याची, माया पोटाच्याच बाजूची.

बप्पांना गावात सगळेच बप्पा म्हणतात, कारण त्यांचे पाच पुतणे आणि एक पुतणी त्यांना बप्पा म्हणतात आणि ती सहाही जणं गावभर असतात. वय ५२. सकाळी नऊला आडतीच्या गादीवर बसले की रात्री आठला उठतात. मधे फक्त फोन आणि चहासाठी हात हलतो. हात-पाय अजून लग्नातलेच आहेत, काडीसारखे. जे काही झालं ते मधल्या भागात झालं. अंगात बाकी कुठं चरबी नाही म्हणून बप्पा स्वतःला बारीकच समजतात. पोट ही त्यांच्या लेखी एक तात्पुरती गोष्ट आहे, येत्या दसऱ्यापर्यंतची.

असा माणूस बार्शीत असतो, मोहोळला असतो, तुमच्या गल्लीतही असणार. त्याला आळशी म्हणू नका. आळशी माणूस संकल्प करत नाही. बप्पा वर्षाला चार करतात : पाडव्याला, आषाढीला, दसऱ्याला आणि १ जानेवारीला. आकडा ठरलेला, महिन्यात चार इंच. आडतीच्या धंद्यात सकाळचा भाव दुपारी राहत नाही, त्यामुळं महिना म्हणजे त्यांना फार मोठी मुदत वाटते.

बरं, नुसता संकल्प नाही. संकल्पाच्या मापाची विजार शिवायला टाकतात.

"मास्तर, ३४ ची काढ."

"बप्पा, ट्रायल कशी घ्यायची?"

"ट्रायल दसऱ्याला."

माझ्या कपाटात बप्पांच्या अशा तीन विजारी होत्या. शिलाई रोख दिलेली. संकल्पाची उधारी ठेवायची नाही, हे त्यांचं तत्त्व. मधे एकदा एक विजार त्यांनी दुकानातल्या हमालाला देऊन टाकली. दिवसभर पोती वाहणाऱ्या त्या माणसाला ती इतकी सैल झाली की त्यानं ती सुतळीनं बांधली.

वजन बप्पा आडतीच्याच काट्यावर करतात. तूर, उडीद, ज्वारीची पोती उतरली, काटा मोकळा झाला की चप्पल काढून वर उभे राहतात. काटा ९२ दाखवतो. मग बप्पा कडता धरतात. शर्ट-विजारीचा एक किलो, मोबाईल आणि किल्ल्यांचा अर्धा, नुकत्याच प्यालेल्या चहा-पाण्याचा अर्धा, पावसाळा असेल तर ओलाव्याचा आणखी एक. वहीत निव्वळ ८९ लागतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हे एकदा बघितलं आणि म्हणाला, "शेठ, एवढ्यावर थांबलात? आमच्या तुरीला तर जास्त धरता." बप्पा मनापासून हसले, पण ८९ काही खोडले नाहीत.

डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवायचा बेत महाराष्ट्रभर झाला तेव्हा बप्पा त्यात पहिल्या आठवड्यात शिरले. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. पथ्य साधं होतं. बप्पांनी त्यातली ५५ मिनिटं मात्र मंजूर कोट्यासारखी धरली. आधी पंधरा मिनिटांत जेवून उठणारा माणूस आता ताटासमोर घड्याळ ठेवून बसायला लागला. चाळिसाव्या मिनिटाला काकूंनी "ताट उचलू का?" विचारलं तर म्हणायचे, "अजून पंधरा मिन्टं शिल्लक हायेत, धपाटं टाक एक." काकूंचं मत असं की घरातलं पीठ त्या दोन महिन्यांत जेवढं गेलं तेवढं दिवाळीतही जात नाही.

चालणं बार्शी रस्त्यानं. पहाटे पाचला कानटोपी, मफलर, पांढरे बूट. मी दोनदा सोबत गेलो म्हणून सांगतो, चालण्यात कुचराई नव्हती. उसाचे ट्रॅक्टर अंगावर येत होते तरी बप्पा झपाझप. पण येताना हॉटेलात पहिला घाणा निघालेला असतो. कांदाभजीचा वास बार्शी रस्त्यावर लांबवर येतो, कानटोपीला वासाचं काही वाटत नाही. बप्पांच्या अंगाचा माणूस पाऊण तास चालला की अडीचशे-तीनशे कॅलरी जळतात. एक प्लेट भजी, दोन चहा, की जमा-नावे बरोबर. "पण चाललो ना?" बप्पा विचारतात. चालले, याला मी साक्षीदार आहे.

एका कोजागरीला तर ते सोलापूरला जाऊन तिथून तुळजापूरपर्यंत चालत गेले. पंचेचाळीस किलोमीटर! परत आले ते काट्यावर दीड किलो जास्त भरले. ज्यांनी तो रस्ता त्या रात्री बघितलाय त्यांना नवल वाटणार नाही. पावलापावलाला मंडप. केळी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, दूध. हात जोडून बोलावतात, आणि देवीच्या वाटेवर नाही म्हणणं बप्पांच्या रक्तात नाही. लग्नाच्या पंगतीत येसर आमटी वाढणाऱ्यालासुद्धा ते नाही म्हणू शकत नाहीत.

आणि मग हुरडा. आमच्याकडं जानेवारीत संकल्प धरणाऱ्याला कुणीतरी आधी सांगायला हवं की इथं जानेवारी हा महिना नसून हुरडा असतो. रानात आगटी पेटते, कणसं निखाऱ्यात जातात, हातावर चोळून गरम हिरवे दाणे पुढ्यात येतात. बप्पांचा युक्तिवाद बिनतोड आहे : "ज्वारी पथ्याची. हुरडा म्हंजे ज्वारीचं लेकरू." लेकराबद्दल तक्रार नाहीच. तक्रार त्याच्या सोबत्यांबद्दल आहे. शेंगाचटणी, गूळ, शेव, रेवड्या, सायीचं दही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ५६० च्या आसपास कॅलरी असतात आणि सोलापुरी शेंगाचटणी चमच्यानं खायची गोष्ट नव्हे. बप्पा ती हुरड्यात कालवतात.

मधे कमरेला बांधायचा घामाचा पट्टाही झाला. तासात दीड इंच कमी. दोन तांबे पाणी प्याले, दीड इंच परत. तो पट्टा आता आडतीत वहीचा गठ्ठा बांधायला वापरतात.

हे सगळं फिरलं ते गेल्या पाडव्याला. धाकट्या पुतण्याचं लग्न ठरलेलं. बप्पा, काकू आणि पुण्यात डॉक्टरकी शिकणारी पुतणी असे तिघं दुकानात आले. मी सवयीनं पोटाखाली टेप लावला, म्हटलं, "अडतीस."

"काका, कंबर तिथं नसते," पोरगी म्हणाली. टेप माझ्या हातातून घेतला. बप्पांच्या कुशीत बोटानं शेवटची बरगडी चाचपली, खाली कमरेच्या हाडाचं टोक चाचपलं, दोन्हींच्या मधोमध टेप फिरवला. बप्पांनी पोट आत ओढलं. "बप्पा, श्वास सोडा. पूर्ण. आता बोला काहीतरी." बोलताना पोट ओढून धरता येत नाही, ही युक्ती मला अठ्ठावीस वर्षांत सुचली नव्हती.

४३.

दुकानात मशीनही थांबली. बप्पा म्हणाले, "टेप ताणलाय ह्याचा." मी नवा टेप काढला. ४३. समोर गवंडी काम करत होता, त्याचा पत्र्याचा टेप मागवला, तो कमरेला गुंडाळताना कडा टोचल्या म्हणून बप्पा ओरडले, तरी ४३ च. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी वही मिटली.

पोरगी म्हणाली, आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बाईची ८० च्या. बप्पांनी हातपाय दाखवले. एवढा बारीक माणूस, त्याला काय होतंय? तेव्हा तिनं पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टर याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉक्टर युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखं, निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाच्या ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२. बारीक दिसणारा माणूस आतून जाड असतो, तो असा.

बप्पांना धीर आला. "बघ. डॉक्टरची ही गत, आडत्याचं काय घेऊन बसलीस?" मग लगेच, "बरं, साडेपस्तीस ना? आषाढीपर्यंत करतो. मास्तर, ३५ ची काढ."

"नाही," पोरगी म्हणाली. "दसऱ्यापर्यंत दोन इंच."

बप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. चाळीस पोती मागावीत आणि पायलीभर मिळावी तसं. "दोन इंच? लोक काय म्हणतील?" पण पोरगी आडत्याच्या घरातली. तिनं घट काढली. गोदामातलं धान्य एका रात्रीत घटत नाही ना? वजनाचे पाचेक टक्के सहा महिन्यांत, म्हणजे साडेचार-पाच किलो. किलोमागं कंबर साधारण सेंटिमीटरभर उतरते, झाले दोन इंच. किलोभर चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, तेव्हा दिवसाला दोनशे-सव्वादोनशेची तूट पाहिजे. "एक भाकरी कमी, बप्पा. बाकी चालणं आहेच. भजी सोडून." पोटाचे व्यायाम केले तर पोटच जाईल का, असं बप्पांनी विचारलं. ती म्हणाली, खळ्यावरची रास कुठूनही उपसली तरी ढासळते सगळीकडून, एकाच बाजूनं नाही. हे त्यांना पटलं. सगळ्यात अवघड गेला तो कडता. काट्याचा आकडा जसाच्या तसा लिहायचा. ९२.

पुढचे सहा महिने सांगण्यासारखं काही घडलं नाही. त्यामुळं बप्पा फार कष्टी होते. पूर्वी संकल्प केला की पारावर विषय असायचा. पट्टा, पथ्य, नवा बूट, लोक विचारायचे. आता विचारलं तर काय सांगणार, एक भाकरी कमी खातोय? आषाढीला माप घेतलं, पाऊण इंच उतरलं होतं. बप्पा म्हणाले, "ह्यापेक्षा माझे चार इंच बरे होते." ते कधी झाले नव्हते, हे मी बोललो नाही. श्रावणात उपवासाच्या खिचडीनं एकदा मागं गेले, गणपतीत मोदकांनी आणखी एकदा, पण पहाटेचं चालणं चुकलं नाही. परतीची वाट मात्र बदलली, हॉटेल टाळून संतनाथांच्या देवळावरून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले. मी आता बरगडी चाचपायला शिकलोय. श्वास सोडायला लावला, सोयाबीनचा भाव विचारला. ४१ आणि एक दोरा. काट्यावर ८७ भरले होते, चहा पिऊन.

बप्पा काही बोलले नाहीत. कमरेची विजार धरून दाखवली. मागं सैल झाली होती, चालताना घसरायची. अठ्ठावीस वर्षांत त्यांची विजार आत घ्यायचं काम पहिल्यांदाच आलं. मी मागची शिवण उसवली, खडूनं रेघ मारली, एक इंच आत घेतला. आतली माया आता तीन इंचांची झाली. एवढं कापड पाठीमागं राहिलं की बसताना टोचतं, म्हणून मी कात्री उचलली.

बप्पांनी माझा हात धरला.

"कापू नको मास्तर. आतच राहू दे. पुढं हुरडा हाय."