गोंडपिपरीचा बास

पोळा होऊन गेला होता आणि गणपती यायचे होते. आमच्या घरी या दिवसांत मासे शिजवायला पंचांगात एवढीच फट सापडते. नेमका तेव्हाच पुण्याचा भाचा चंद्रपुरात उतरला. हातात कार्बनचा रॉड, पाठीवर पिशवी आणि पिशवीतल्या डबीत रंगीत प्लॅस्टिकचे मासे.

"मामा, हे फ्लोटिंग क्रँकबेट. बास याच्यावर तुटून पडतात."

बास हा अमेरिकेचा लाडका मासा. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या गृहस्थाने सुमारे 10 किलोंचा लार्जमाउथ बास काढला. त्या विक्रमाची बरोबरी 2009 साली मानाबू कुरिताने केली, तीही जपानच्या बिवा सरोवरात. चंद्रपूर जिल्हा या शर्यतीत उतरलेलाच नाही, कारण आमच्याकडे बास नाही. हे सांगितल्यावर भाच्याने क्षणभर विचार केला. "मग मरळ. मरळ म्हणजे आपला बासच." मरळीचं मत कोणी घेतलं नाही.

गोंडपिपरीच्या एसटीत तो रॉड उभा मावेना आणि आडवा ठेवू देईनात. बल्लारपूर सुटेपर्यंत बस आमच्याकडे संशयाने पाहत होती. कोठारीला चढलेल्या एका पागोटेवाल्यांनी शेवटी विचारलंच, "रस्ता मोजाले आले का जी? आमचं वावर जाते का त्याच्यात?" मासे धरायला आलो म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी तलावाकडची वाट सांगितली आणि त्या वाटेवर वाघ असतो हेही सांगितलं. आपण पुढे चहाची टपरी आहे म्हणून सांगतो, त्याच सुरात.

उरलेल्या वाटेत माझं शिक्षण झालं. क्रँकबेटच्या हनुवटीला प्लॅस्टिकची एक जीभ असते. दोरी गुंडाळायला लागलं की पाणी त्या जिभेवर दाबतं, मासा डोकं खाली घालून बुडतो आणि अंग हलवत पोहतो. थांबलं की आपोआप वर येतो. जीभ लांब आणि आडवी असेल तर खोल जातो, आखूड आणि उभी असेल तर वरवर राहतो. असं अंग हलवण्याचं कसब फिनलंडच्या लौरी रापालाने 1936 साली साधलं. त्याने बूच कोरून मासा केला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. लंगडत पोहणारा मासा मोठ्या माशाला आधी दिसतो, हे त्याने पाहून ठेवलं होतं.

"पण खरी गंमत त्याला बुडू न देण्यात आहे," भाचा म्हणाला. रॉडचं टोक उंच धरायचं, फिरकी अगदी सावकाश फिरवायची, म्हणजे मासा पाण्याच्या पापुद्र्याखालून रेघ ओढत येतो. किंवा टाकून द्यायचा, वर्तुळं विरेपर्यंत गप्प बसायचं आणि मग एक हलका झटका. बुडण्यासाठी एवढी यंत्रणा बसवायची आणि तिला कामाला लागू द्यायचं नाही! कामाचा हा प्रकार मी अनेक वर्षं पगार घेऊन केला होता. पाण्यात तो चालतो हे नवीन होतं.

तलाव माजी मालगुजारी. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव राहिले आणि लोक त्यांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात. भाच्याला ते ऐकून उगाचच हक्काचं वाटलं. पण तलाव होता मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात, आणि पाळीवर बसलेले म्हातारे ढीवर संस्थेचे सभासद होते. आम्ही रीतसर परवानगी मागितली. त्यांनी डबी उघडून एकेक मासा उलटासुलटा पाहिला.

"हे खाईन कोन?"

"मरळ."

"काहून? तिले का झालं?"

मात्र परवानगी दिली. करमणूक फुकट होती.

पहिली फेक शिंगाड्याच्या वेलात गेली. क्रँकबेटच्या पोटाला तीन-तीन आकड्यांचे दोन गळ असतात आणि आमच्याकडच्या तलावात शिंगाडा, कमळ आणि शेवाळ यांतून उरलेल्या जागेत पाणी असतं. भाच्याने ओढलं नाही, उलट दोरी सैल सोडली. मासा तरंगून वर आला आणि वेलातून सुटला. म्हाताऱ्यांची मान पहिल्यांदा किंचित हलली.

पुढे एका ठिकाणी पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा खदखदत होता. भाच्याचे डोळे चमकले. अशा थव्याखाली मरळ राखणीला असते आणि जवळ येणाऱ्या कशावरही धावून जाते, हे त्याला व्हिडिओतून ठाऊक होतं. म्हातारे मात्र उठून उभे राहिले. "ते नोको, बापा. माय-बाप धरले तं पोरं दुसरे मासे खाऊन टाकतेत. मंग पुढच्या साली का धरसीन?" मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येतेच, तिथे टाक, असं म्हणून त्यांनी काठीने कमळांमधली एक मोकळी जागा दाखवली. ते स्वतः तिथे गळाला बेडूक लावून पाण्यावर थापटत. म्हणजे पुण्याहून जे आणलं होतं, ते इथे उड्या मारत होतं.

क्रँकबेट पडलं. वर्तुळं विरली. एक झटका, एक बुडी, मासा वर. पुन्हा थांबणं. भाचा काहीतरी सांगायला माझ्याकडे वळला आणि पाणी फाडकन फुटलं. त्याने रॉड उचलला, माझी चप्पल पाण्यात गेली, म्हातारे "ढील दे, ढील दे!" ओरडत होते, आणि शेवटी चांगली हातभर मरळ पाळीवर आपटू लागली. भाच्याने तिच्याबरोबर इतके फोटो काढले की तेवढ्यात एखादा रोहू मेला असता. मरळ हवेवर जगते. ती टकामका पाहत होती.

मग म्हाताऱ्यांनी झोळीतून तराजू काढला. तलाव संस्थेचा, म्हणून मासळी संस्थेची. आम्हाला हवी असेल तर बाजारभावाने घ्यावी. भाच्याने क्रँकबेटची किंमत सांगून पाहिली. म्हाताऱ्यांनी ती सहानुभूतीने ऐकली आणि मरळीला बोटाने टोचून पाहिलं. तिने शेपूट हाणलं.

"जित्ती हाय," ते म्हणाले. "जित्तीचा भाव जास्त."