पाठीवर सॅक, पोटाशी फाईल

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. सभ्य माणसं जेव्हा कूस बदलत असतात, तेव्हा टर्मिनल दोनवर सॅकवीर अवतरतो. त्याला लांबूनही ओळखता येतं. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना याच्या अंगात दोन जॅकेटं, कमरेला गुंडाळलेला स्वेटर आणि पायात घोट्याच्या वर जाणारे ट्रेकिंग शूज. थंडी वाजते म्हणून नव्हे. वजनकाट्यापासून जे जे लपवता येईल ते ते अंगावर चढवलेलं असतं.

सॅकवीर तिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. राहणार पुणे, ठाणे किंवा डोंबिवली, नोकरी आयटीत. हरिश्चंद्रगड त्याने भर पावसात केलेला असतो आणि हरिहरच्या पायऱ्यांवरचा फोटो प्रोफाइलला लावलेला असतो. कंडक्टेड टूरचा विषय निघाला की त्याच्या कपाळावर आठी उमटते. ‘सातला उठा, आठला नाश्ता, नऊला बस, आणि दिवसभर झेंड्यामागे पळा. ही काय ट्रिप झाली? आपलं कसं, वाट फुटेल तिकडे!’

वाट कुठे फुटावी, हे मात्र शेंगेन व्हिसाने आधीच लिहून घेतलेलं असतं. मुक्कामांची बुकिंगं, जाण्यायेण्याचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, साहेबांनी कुरकुरत दिलेलं रजेचं पत्र आणि किमान ३०,००० युरोंचा विमा, एवढा दारूगोळा जमवल्यावर तो व्हिसा मिळतो. त्यामुळे वाट फुटेल तिकडे निघालेल्या या गड्याने पोटाशी एक जाडजूड फाईल धरलेली असते. सगळ्यात वर त्याची लाडकी एक्सेल शीट. तिच्यात तारीख, गाडी, हॉस्टेल, खर्च असे रकाने असतात आणि एका ओळीत चक्क लिहिलेलं असतं: ‘मंगळवार, दुपारी २ ते ४: मनसोक्त भटकणे.’

सॅक ५५ लिटरची. आईला हे माप मान्य नाही, ती डब्यांत मोजते. मेतकूट झालं, भडंग झालं, मग खोबऱ्याच्या वाट्या आल्या.

‘आई, सुकं खोबरं चालत नाही विमानात. सामानात पेट घेऊ शकतं. तेल असतं ना त्यात.’

‘माझ्या डब्यात इतकी वर्षं आहे, कधी पेटलं नाही ते!’

वाट्या बाहेर निघतात. साजूक तुपाची बाटलीही निघते, कारण आपल्याकडून जाणाऱ्याला दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. लसणाच्या चटणीत शिरलेलं खोबरं मात्र तोंड मिटून पुढे जातं.

सुरक्षा तपासणीत त्याचा खरा कस लागतो. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकायची नाही हे त्याला पाठ, म्हणून ती हातातल्या पिशवीत. सोबत हेडलॅम्प, कॅमेरा, केबलींचं भेंडोळं. ट्रे भरतात. मग जवान शूजकडे बोट दाखवतो. नाड्यांना गड उतरताना मारतात तशा दुहेरी गाठी असतात. सॅकवीर खाली बसतो, एक गाठ दातांनी सोडवतो, दुसरी नखांनी. मागची रांग आधी घड्याळ बघते, मग त्याच्याकडे.

विमानात त्याची सीट मधली. खिडकीला जादा पैसे पडतात, आणि तेवढ्यात हॉस्टेलचा नाश्ता निघतो. खिडकीशी काका, कडेला काकू. दोघांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, गळ्यात टूरचे बिल्ले. एकाला बाहेर बघायचं असतं, दुसरीला सारखं उठायचं असतं. म्हणून दोघांनी मधली जागा सोडून दिलेली. झेंड्याला नाकं मुरडणारा आता नऊ तास झेंडेकऱ्यांच्या संसारात बसणार.

‘अहो, बीपीची गोळी घेतलीत का?’ हा प्रश्न त्याच्या नाकावरून जातो. गोळीही त्याच्याच हातून जाते.

तरी तो ज्ञानदान सोडत नाही. ‘काका, केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाई ५,४००. म्हणजे आत्ता आपण कळसूबाईच्या वर आहोत.’

काका गुडघ्यांवरून हात फिरवतात. ‘काय सांगतोस! मग दुखत कसे नाहीत?’

त्याने हिंदू शाकाहारी जेवण आधीच नोंदवलेलं असतं, कारण खास जेवणं आधी वाढतात ही अनुभवी प्रवाशांची गुप्त विद्या. ट्रे खरंच पहिला येतो आणि आजूबाजूच्या उपाशी नजरांसमोर त्याला एकट्याने राजमा गिळावा लागतो. राजमा अळणी लागतो. ‘या उंचीवर जिभेला मीठ आणि गोड कमी कळतं,’ तो सांगू लागतो. काकू तोवर पिशवीतून ठेचा काढून त्याच्या भातावर ठेवतात. शास्त्र तिथेच थांबतं.

मग पेढे. ‘खा रे बाळा. हे तिकडे नेता येत नाहीत म्हणे. आमचा टूरवाला म्हणाला, उतरायच्या आत संपवा.’ विमान पश्चिमेला चाललेलं असल्यामुळे रात्र संपता संपत नाही, आणि पेढेही. मानेला फुगवलेली उशी लावून सॅकवीर समोरच्या पडद्यावरच्या नकाशातलं विमान बघत बसतो. काका घोरतात. त्यांची मान बघता बघता त्याच्याच उशीवर येते.

सकाळी फ्रँकफर्टला पासपोर्टच्या खिडकीपुढे अधिकारी विचारतो, किती दिवस, मुक्काम कुठे? सॅकवीर याच क्षणासाठी जगलेला असतो. फाईल उघडते. पहिली रात्र, आठ खाटांची खोली. दुसऱ्या दिवशीची गाडी, युरेल पास, तिसरं शहर... चौथ्या कागदाशी अधिकारी हात वर करून त्याला थांबवतो आणि पुढे सोडतो.

मागून काका येतात. आज मुक्काम कुठे? काकांना गावाचं नाव ठाऊक नसतं. ते प्रसन्न चेहऱ्याने पलीकडच्या झेंड्याकडे बोट दाखवतात. त्यांनाही पुढे सोडलं जातं.

बाहेर आल्यावर काका आळस देतात. ‘कुठं जायचं, काय बघायचं, काही म्हणजे काही डोक्यात नाही बघ. बस येईल तेव्हा बसायचं. चल, चहा घेऊ. तुझी काय घाई?’

सॅकवीर शीट बघतो, घड्याळ बघतो आणि सॅकचे पट्टे आवळतो. ‘नऊ बावन्नची गाडी आहे काका. चहा शुक्रवारी साडेचारला बसतोय.’