घरचा बोगदा

गेल्या उन्हाळ्यात नानांनी घरी तीन गोष्टी घातल्या: कैरीचं लोणचं, सांडगे आणि व्हीपीएन. पहिल्या दोन खरं तर काकूंनी घातल्या, पण सांगताना नाना "आपण घातल्या" असंच सांगतात.

विकतचं काही घरात आलं की नानांच्या कपाळाला आठी पडते. मसाला घरचा, तेल घाण्यावर समोर उभं राहून काढून आणलेलं, खवा भूमचा आणि तोही ओळखीच्या भट्टीवरचा. सगळी नोकरी एका कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली. "मधी माणूस आला की मालात पाणी आलंच," हा त्यांचा सिद्धांत. असा एक नाना धाराशिवपासून परंड्यापर्यंत प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या नानांकडे कॉम्प्युटर आहे, एवढाच फरक.

तुळजापूरला दर्शनाला गेले असताना भाच्यानं त्यांना फुकटच्या वायफायची भीती घातली. "नाना, मधला माणूस बघतोय सगळं." मधला माणूस! नानांनी फोन बंद करून रुमालात गुंडाळला आणि तसाच घरी आणला.

यावर उपाय व्हीपीएन, म्हणजे मधल्या माणसाला आपली ये-जा दिसू नये म्हणून इंटरनेटमधून काढलेला बंद बोगदा. पण ते विकत मिळतं हे कळल्यावर नानांनी कात्रणांची फाईल काढली. 2022 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं हुकूम काढला होता, की व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर पाच वर्षं जपून ठेवायचे. काही परदेशी कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले. नाना म्हणाले, "म्हंजे पैसे आपण द्यायचे आन् नाव-पत्ता बी आपणच द्यायचा? ही तर सोयरीक झाली."

मग देवघराशेजारचा, बाबा आदमच्या काळातला कॉम्प्युटर पुसून पुढं आला. त्यावर लिनक्स चढलं. पुण्यातल्या मुलानं फोनवरून वायरगार्ड सुचवलं. 2020 पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच असतं आणि मूळ प्रोग्राम जेमतेम चार हजार ओळींचा. "चार हजार? आमच्या ऑफिसात बदल्यांचं परिपत्रक याच्यापेक्षा लांब असायचं," नाना खूश झाले. त्यांना त्याचा आणखी एक गुण आवडला. अनोळखी माणसानं दार वाजवलं तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, आत कोणी आहे याचासुद्धा पत्ता लागू देत नाही. आणि हे आवडलं कोणाला, तर ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला "कोण गावचं?" विचारणाऱ्या नानांना.

दोन्ही टोकांच्या किल्ल्या जुळल्याशिवाय बोगदा उघडत नाही. किल्ली म्हणजे 44 अक्षरांची माळ: लहान लिपी, मोठी लिपी, आकडे, सगळा काला. ती फोनवर लिहून पाठवायला नानांची तयारी नव्हती. मधला माणूस वाचेल. म्हणून ती तोंडी सांगायची ठरली, आणि घरात रेंज नाही म्हणून गच्चीवरून.

"कॅपिटल के, कळंबचा के! आता बारका टी, तेरचा टी! सात! परंड्याचा पी, मोठा! डब्ल्यू, वाशीचा डब्ल्यू! अरे नव्या मुंबईच्या वाशीचा नव्हं, त्यो व्ही. आपल्या वाशीचा! आता ओ. उस्मानाबादचा ओ! हां, नाव बदललंय ठावं हाय मला, पण ओ कुठनं आणू?"

आठही तालुके संपले, किल्ली संपेना. नाना लातूर जिल्ह्यात शिरले. बाविसाव्या अक्षराला समोरच्या गच्चीवरून वाळवण उचलणाऱ्या मुलीनं दुरुस्ती केली, "नाना, मघाशी लोहाऱ्याचा एल बारका म्हणला होताव!" शेवटी बरोबरचं चिन्ह आलं आणि खाली चौकात कोणीतरी हुश्श केलं. पलीकडून मुलगा म्हणाला, "नाना, ही खाजगी किल्ली वाचली तुम्ही. सार्वजनिक वाचायची होती."

किल्ल्यांची नवी जोडी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन झालं. त्या दिवशी गर्दी जास्त होती.

तरी बोगदा लागेना. घोडं अडलं पत्त्यावर. इंटरनेटवरचे जुने, आकड्यांच्या चार गटांचे पत्ते कधीच अपुरे पडलेत, म्हणून कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि दिंडीदरवाजा एक, तसं. आतून बाहेर कोणीही जावं. बाहेरून आलेल्यानं नेमकं कोणाचं दार ठोठवायचं, ते दरवाजाला ठाऊक नसतं. नाना नेटवाल्याच्या दुकानात चार वेळा गेले. तिथला पोरगा दरवेळी एकच विचारायचा, "काका, नेट चालू हाय ना?" पाचव्या वेळी त्यानं स्वतंत्र पत्ता दिला, महिन्याला जादा पैसे लावून. मी हिशेब करून दाखवला, की विकतचं व्हीपीएन यापेक्षा स्वस्त पडलं असतं. "स्वस्ताचं सांगू नका," नाना म्हणाले, "विकतचं लोणचं बी स्वस्तच असतंय."

पावसाळ्यात ते महिनाभर पुण्याला मुलाकडं गेले. तिथं सोफ्यावर बसून बोगदा चालू करायचा, की फोनची सगळी ये-जा धाराशिवच्या घरून. एरवी त्यांना पुण्यात दोन दिवसांत करमेनासं होतं. यंदा महिना निघाला. फक्त एका संकेतस्थळानं त्यांना हैदराबादचं हवामान दाखवलं. पत्ता कुठं नोंदवलाय त्यावरून ही संकेतस्थळं गावाचा अंदाज बांधतात आणि बऱ्याचदा चुकतात. पण ज्या गावाचं उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामावरून पडलेलं आणि 2023 मध्ये बदललेलं, तिथल्या माणसाला हे झोंबणारच. रात्री दहाला मला फोन आला: "निजामी 1948 ला संपली, आन् ही अजून आमाला हैदराबादेत धरायलीत!"

त्यांचे बाकीचे फोन लाइटीचे. धाराशिवला लाइट गेली, की जरा वेळानं इन्व्हर्टर मान टाकणार, कॉम्प्युटर बंद पडणार आणि पुण्यात नानांचं नेट थांबणार. मग बोगदा बंद करून पहिला फोन मला. "लाइट गेली ना? आली की आपल्या घरात जाऊन बटन दाबा." घराची किल्ली माझ्याकडंच असते, दाराआड खिळ्याला. ती कोणालाही घेता येते.

त्या महिन्यात आमच्या फीडरवर लाइट कधी गेली, कधी आली, याची तारीखवार, मिनिटासकट नोंद नानांनी पुण्यात बसून वहीत केली. परवा आमचा वायरमन ती वही मागायला आला होता.