भाऊबंदकीचा उतारा

पहाटे चार वाजता मी स्ट्रॉबेरी काढायला उठायचो. पुण्यात, सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. रान संगणकात होतं आणि संगणक बैठकीच्या खोलीत, सासूबाईंच्या कॉटशेजारी. अंधारात माऊसची टकटक सुरू झाली की त्या झोपेतच पुटपुटायच्या, "उंदीर आलाय गं." भाषांतर बिनचूक होतं.

ही गोष्ट फार्मव्हिलची. जून २००९ मध्ये हा खेळ फेसबुकवर आला आणि २०१० उजाडेपर्यंत जगभरात महिन्याला आठ कोटींच्या घरात माणसं खोटी शेती करू लागली. ज्या कंपनीनं तो काढला तिला मालकानं आपल्या बुलडॉग कुत्रीचं नाव दिलं होतं. पण कुत्रीला दोष देणार नाही. मला कोणी हाताला धरून नेलं नव्हतं, मी नांगर घेऊन आपल्या पायांनी गेलो होतो.

खेळ साधा. चौरस नांगरायचा, बी टाकायचं, पीक आलं की काढायचं. भोपळा आठ तासांत, गहू तीन दिवसांत, स्ट्रॉबेरी चार तासांत. वेळेत काढलं नाही तर पीक वाळून तपकिरी व्हायचं आणि माना टाकून आपल्याकडं बघत राहायचं. गहू लावला असता तर तीन दिवस सुखानं झोपलो असतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझा पिंड बँकेतला. नांगरट १५ नाणी, बी १०, विक्री ३५. म्हणजे चार तासांत एका चौरसामागं १० नाणी निव्वळ! मुदत ठेवीच्या काउंटरवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हा व्याजदर दिसल्यावर झोप कसली लागते? रात्री बाराला पेरा, चाराला काढणी, पुन्हा पेरा, आठला काढणी, मग अंघोळ. शाखेत फेसबुक बंद असल्यामुळं बाराची काढणी जेवणाच्या सुट्टीत, कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत. डबा मी चालता चालता खायचो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१० मध्येच. त्या वर्षी मी महाबळेश्वरपेक्षा जास्त तोडे केले असतील, पण माझ्या मालाची कोणी दखल घेतली नाही.

आमचं खरं रान वाई तालुक्यात. थोरले चुलते, आबा, ते कसतात. माझं मुखत्यारपत्र त्यांच्याकडं आणि माझी हजेरी फक्त जत्रेला. त्या वर्षीच्या जत्रेत मी त्यांना माझी शेती समजावून सांगितली. आबा लक्ष देऊन ऐकत होते.

"गहू किती दिसांत येतो म्हणलास?"

"तीन."

"पाणी?"

"लागत नाही."

"मजूर? व्यापारी?"

"कोणी नाही. कापलं की पैसे जमा."

"म्हंजी नफा व्हतोय?"

"होतोय की."

"मग ती शेती न्हवं," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

खेळात जमीन वाढवायची तर शेजारी जोडावे लागत. मी मेहुण्याला जोडलं, शाळासोबत्यांना जोडलं, ज्यांच्या लग्नाला गेलो नव्हतो त्यांनाही जोडलं. एका पहाटे, चार वाजून बारा मिनिटांनी, झोपेच्या गुंगीत मी बापूला विनंती पाठवली. बापू म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याच्या आणि माझ्या हिश्श्यामधल्या बांधावरून आमचा सहा वर्षं दावा चालू होता आणि तेवढीच वर्षं बोलणं बंद होतं. विनंती गेली तसा माझा घामच निघाला. तेराव्या मिनिटाला मान्य झाल्याचं उत्तर आलं. इतक्या पहाटे जागा असलेला माणूस एक तर काकड आरतीवाला असतो, नाही तर माझ्यासारखा.

तेव्हापासून आमचं विलक्षण नातं सुरू झालं. वाईच्या कोर्टात माझा वकील त्याला अतिक्रमण करणारा म्हणायचा, त्याचा वकील मला गैरहजर जमीनदार म्हणायचा, आणि रात्री बापू माझ्या पिकाला खत टाकून जायचा. मीही टाकायचो. शेजाऱ्याच्या रानात खत टाकलं की आपल्यालाही चार नाणी मिळत. आमच्या सात पिढ्यांत ही सोय कुणी काढली नव्हती. माझी एक चुकलेली गाय त्यानं सांभाळली. खऱ्या गावात गाय त्याच्या रानात शिरली असती तर ती कोंडवाड्यात आणि मी पोलीस चौकीत गेलो असतो.

जानेवारी २०११ मध्ये मोजणीची तारीख लागली. हद्द कायम करायची होती. मी सकाळी सातला पेरणी करून पुण्याहून निघालो. अकराला मोजणीदारानं टेबल मांडलं, निशाणं रोवली, आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडं. पीक तयार होतं. दुपार टळली की वाळणार. मी आबांच्या कानाशी लागलो, "नोटिशीची झेरॉक्स राहिलीय, वाईतनं आणतो." सरकारी माणसासमोर झेरॉक्स हा शब्द काढला की कोणी अडवत नाही.

वाईतल्या नेट कॅफेत प्लायवूडचे खोपे होते. मी निम्मं रान काढलं असेल, तोच पलीकडच्या खोप्यातून गाय हंबरली. मग खोकला आला. हा खोकला मी कोर्टात सहा वर्षं ऐकला होता. मी श्वास रोखून बसलो. पलीकडूनही दोन मिनिटं शांतता. मग प्लायवूडवर टकटक झाली.

"दादा, झेरॉक्स?"

"हो. तुझी?"

"मीपण झेरॉक्सच." थोडं थांबून तो म्हणाला, "तुझी वांगी वाळायला लागलीत. वरच्या कोपऱ्यात."

सहा वर्षांनंतरचा हा आमचा पहिला संवाद.

त्याच्या मोटारसायकलवर बसून दोघं परत आलो तेव्हा मोजणीदार टेबल आवरत होता. आबा आणि बापूची आई चहा पीत बसले होते. फरक निघाला तो दीड हाताचा, आणि तोही आमच्या आज्यानंच कधी काळी विहिरीकडं जायला वाट सोडली होती म्हणून. म्हातारा-म्हातारीनं ती वाट तशीच ठेवायची ठरवून सह्याही करून टाकल्या होत्या. आम्हाला एकत्र उतरताना बघून काकू म्हणाल्या, "मिळाली का रं झेरॉक्स?"

पुढच्या तारखेला दावा मागं घेतला. वकिलांना फार वाईट वाटलं.

आता फार्मव्हिलही सोडायचं, असं दोघांनीही ठरवलं. तसं मी आधी चारदा ठरवलं होतं. एकदा पासवर्ड बदलून घ्यायला बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी काळ्या पडद्याकडं बघत बसलेला तिला पाहवलं नाही. चहाच्या बशीत चिठ्ठी ठेवून म्हणाली, "अहो, एकदाच काढून घ्या पीक." घरची माणसं या कामाला उपयोगाची नाहीत, त्यांना आपली दया येते. बापूबरोबर एकाच वेळी सोडायचा करारही करून पाहिला, पण त्यानं खरंच सोडलं का हे तपासायला मला रोज आत जावं लागे, आणि आत गेलो की तोही तपासायला आलेला असे.

शेवटी मला उपाय सुचला. मेलचा आणि फेसबुकचा, दोन्ही पासवर्ड एकमेकांना देऊन टाकायचे. माझे त्यानं बदलायचे, त्याचे मी. दाव्यातल्या प्रतिवादीइतका भरवशाचा माणूस जगात दुसरा नाही. आपण तडफडताना त्याला आनंदच होतो.

तिसऱ्या रात्री, चार वाजता, बापूचा फोन. "दादा, गहू आलाय रं. एकदाच." मी पांघरुणातून हात बाहेर काढून शांतपणे "नाही" म्हणालो. त्या एका शब्दात सहा वर्षांचा कोर्टखर्च वसूल झाला. पाचव्या रात्री मी फोन केला. त्यानंही तितक्याच चवीनं नाही म्हटलं. आठवडाभर मी चोरून अकरा पासवर्ड लावून पाहिले: त्याच्या मुलीचं नाव, ग्रामदैवत, मोटारसायकलचा नंबर, त्याच्या वकिलाचं आडनावसुद्धा. एकही लागला नाही. दोन आठवडे डोकं दुखलं, हाताची बोटं आपोआप हलत राहिली. मग एका सकाळी एकदम सात वाजता जाग आली. सासूबाई म्हणाल्या, "उंदीर गेला वाटतं."

जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत घेतलं ते २०१९ मध्ये. म्हणजे माझा रोग बारशाआधीच बरा झाला. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा लोकांसाठी २०१४ मध्ये खास क्लिनिक निघालं, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी अशा ठिकाणी जावं, लाजू नये. माझ्यासारख्यांची गोष्ट वेगळी. ज्यांच्याकडं बांध आहे, त्यांच्याकडं डॉक्टर घरचाच आहे.

ज्या फ्लॅश सॉफ्टवेअरवर तो खेळ चालायचा ते बंद पडणार म्हणून ३१ डिसेंबर २०२० ला फेसबुकवरचं फार्मव्हिल मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूचा फोन आला. आता सांगायला हरकत नाही म्हणाला. त्यानं ठेवलेला पासवर्ड होता वादातल्या रानाचा गट नंबर, पुढं हिस्सा नंबरासकट. अकरा वेळांत तेवढा एकच मला सुचला नव्हता.

"आणि माझा?" त्यानं विचारलं.

त्याचा मी त्याला अजून सांगितलेला नाही.