ग्रीसमार्गी अण्णा

पुण्यात प्रत्येक सोसायटीला एक पार्किंग असतं आणि त्या पार्किंगला एक अण्णा असतात. पावसाळा सरला, की एखाद्या रविवारी ते सायकल उलटी करतात, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरतात आणि चाक काढून एक्सल उघडायला घेतात. सायकलच्या दुकानात याला ‘ओव्हरहॉलिंग’ म्हणतात. अण्णा नुसतं ‘आज हब आहे’ म्हणतात. एवढं ऐकलं, की वहिनी चांगले टॉवेल कपाटात घालून कुलूप लावतात.

आमचे अण्णा कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेले. सायकल काळी, दांड्याची. तिची झेप घर ते मंडई. वाटेत चढ लागला, की अण्णा उतरतात आणि तिला हाताने नेतात. पण ग्रीसचा विषय निघू द्या, हीच सायकल उद्या लडाखला निघाली आहे अशा थाटात बोलतील.

‘ग्रीस म्हणजे काय, सांग बरं?’ हा प्रश्न ते कोणालाही विचारतात. परवा कुरिअरवाल्याला विचारला. ‘तेल आणि साबण! साबणाने तेल धरून ठेवायचं, बस्स. साबण लिथियमचा असेल तर लिथियम ग्रीस, कॅल्शियमचा असेल तर कॅल्शियम.’ तो सही घेऊन निघेपर्यंत अण्णा घट्टपणाच्या नंबरांवर पोचले होते. तीन शून्यांपासून सहापर्यंत नंबर असतात. पैकी दोन नंबरचं ग्रीस म्हणजे जमून आलेलं श्रीखंड आणि तीन नंबर म्हणजे नुसता चक्का. हे त्यांनी एकदा मुंजीच्या पंगतीत सांगितलं. त्या दिवशी श्रीखंड पातेलंभर उरलं.

मोटारींच्या चाकांत भरतात ते ‘एपी थ्री’ त्यांना चालत नाही. ‘तीन नंबर. चाक जड फिरतं.’ काळं ग्रॅफाइट ग्रीस ट्रकच्या पाट्यांना, सभ्य सायकलला नाही. त्यांचं ठरलेलं दोन नंबरचं लिथियम, आणि का, तर ते 180 अंशांच्या आत पाघळत नाही. सायकलचा हब जन्मात कोमटसुद्धा होत नाही, असं मी म्हणून पाहिलं. ‘चैत्रात मंडईबाहेर उन्हात उभी असते ती,’ अण्णा म्हणाले.

चौकातल्या सायकलवाल्याकडे पिवळ्या ग्रीसचा एकच डबा आहे, आणि त्यात बुडवायचं बोटही एकच. तो म्हणतो, ‘अण्णा, कुठलंबी भरा, पण पावसाळा झाला की भरा.’ मला विचाराल तर सायकलवाला बरोबर. हब मरतो तो आत शिरलेल्या पाण्याने आणि कचऱ्याने. ग्रीसच्या घराण्याशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. अण्णा हे मान्य करत नाहीत, मात्र दरवर्षी करतात तेच.

पण ते कोन लावायला बसले, की आपण तोंड मिटावं. वाटीत ग्रीस, ग्रीसमध्ये छर्रे, त्यावर कोन आणि कोनाला जागेवर धरणारा लॉकनट. कोन जादा आवळला तर चाक करकरतं आणि वाटीला खड्डे पडतात. सैल राहिला तर डुगडुगतं. त्यातली मेख अशी, की कोन अगदी नेमका बसवला तरी नट आवळताना तो चोरून थोडा फिरतोच. म्हणून चपट्या पान्याने कोन धरायचा, दुसऱ्या पान्याने नट आवळायचा, चाक फोर्कमध्ये बसवायचं आणि सोडून द्यायचं. व्हॉल्व्हच्या वजनाने ते मागेपुढे झुललं पाहिजे आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला पाहिजे. मध्येच अडखळलं, की कोन केसभर मागे. या अर्ध्या तासात व्याह्यांचा फोन आला तरी अण्णा उचलत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सायकल स्कूटरच्या किमतीची आहे. ‘काका, माझ्यात सीलबंद बेरिंग. गेलं की नवं ठोकायचं.’ ‘म्हणजे पंख्यासारखं,’ अण्णा म्हणतात. अगदीच खोटं नाही. पंख्यातलं बेरिंग त्याच गोत्रातलं, नंबर वेगळा. मग शिमानोने महागड्या हबमध्येसुद्धा वाटी-कोन कसे ठेवले हे येतं, आणि त्यामागोमाग 1869 सालची पॅरिस ते रुआँ शर्यत, जी जेम्स मूरने छर्ऱ्यांवर फिरणाऱ्या चाकांनी जिंकली. जेम्स मूर अर्ध्या वाटेत असतो, तेव्हा तो मुलगा खडकवासल्याला पोचलेला असतो.

गेल्या हबच्या वेळी गोंधळ झाला. मागचं चाक, पाव इंची छर्रे, बाजूला नऊ-नऊ. डिझेलमध्ये धुऊन (रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेल) अण्णांनी ते मोजले, तर सतरा. पुन्हा मोजले, सतराच. मग पार्किंगमध्ये संचारबंदी. गाडी काढायची नाही, झाडायचं नाही, पाय उचलून टाकायचा. वॉचमन बॅटरी घेऊन आला, सेक्रेटरी गुडघ्याचं ऑपरेशन विसरून खाली वाकले, देवळात निघालेल्या दोघी जणी जिन्यावर अडकल्या. अखेर एका पोराला स्कूटरच्या स्टँडखाली छर्रा सापडला. टाळ्या पडल्या.

अण्णांनी तो चिंधीने पुसला, उजेडात धरला आणि जुन्या डबीत टाकला. मग खिशातून कोऱ्या छर्ऱ्यांची पुडी काढली.

‘अहो, नवे आणलेच होते तर आम्हाला कशाला शोधायला लावलंत?’ सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

‘नवे घालायचेच होते,’ अण्णा पुडी सोडत म्हणाले. ‘पण जुन्यांचा हिशेब नको लागायला?’