अठरा हजारांची शेगडी

आमच्या स्वयंपाकघरात सहा बर्नरची, छत्तीस इंच रुंद, एखाद्या हॉटेलात शोभेल अशी शेगडी आहे. घरात माणसं दोन. मुलगा कॉलेजला गेला त्या वर्षी ती आली, म्हणजे खाणारं तोंड एक कमी झालं आणि बर्नर दोन वाढले. हा हिशेब बायकोने तेव्हाच मांडून दाखवला होता; पण पन्नाशीत पुरुषाला वेड लागतं तेव्हा हिशेब दिसत नाही. इथे न्यू जर्सीत काही जण मॅरेथॉन धावू लागतात, काही जण पेटी शिकतात. मी मटणाचा रस्सा करू लागलो. आणि रस्सा पातळ झाला की खापर शेगडीवर फोडू लागलो.

दुकानातला विक्रेता मोठा सज्जन होता. त्याने मला विचारलं, "बीटीयू किती हवेत?" एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक बीटीयू. बर्नरची ताकद तासाला किती बीटीयू यावर मोजतात. साध्या घरगुती शेगडीचा मोठा बर्नर बारा-पंधरा हजारांत आटोपतो. त्याने दाखवलेल्या शेगडीचा होता अठरा हजारांचा. त्याने खटका फिरवला आणि निळ्या ज्वाळेचं कमळ असं काही उमललं की मी तिथेच सही केली.

त्या रात्री वाईला आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. "केवढ्याला पडली रे?"

"अठरा हजार," मी म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं. एकक तेवढं सांगायचं राहिलं.

"महागच की!" आई म्हणाली. खरा आकडा डॉलरमध्ये होता आणि त्याचे रुपये करून तिला सांगण्याचं धैर्य माझ्यात आजही नाही.

या वेडाचा मूळपुरुष मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुड गावचा. फ्रेड कार्ल हे त्याचं नाव, धंदा घरं बांधण्याचा. बायकोला स्वयंपाकघरात दणकट शेगडी हवी होती. पण हॉटेलची शेगडी घरात बसवता येत नाही. तिच्या भिंती बाहेरून चटका देतात, शेजारी लाकडी कपाट ठेवायची सोय नाही आणि विमा कंपनी डोळे वटारते ते वेगळंच. तेव्हा कार्लसाहेबांनी रूप हॉटेलचं पण आतून उष्णतारोधक थर दिलेली, घरात चालेल अशी शेगडी स्वतःच आखली आणि १९८७ साली व्हायकिंग या नावाने ती बाजारात आली. त्यांच्याकडे बायकोच्या हट्टापायी कारखाना निघाला. आमच्याकडे हट्ट नवऱ्याचा होता. निघाले ते बँकेतले पैसे.

शेगडी आली ती चार माणसांच्या खांद्यावरून. वजन चारशे पौंड, म्हणजे एकशे ऐंशी किलो. तिच्यासाठी ओट्याचा तुकडा कापला, गॅसची नळी जाड केली. मग कळलं की हिला डोक्यावर तसलाच हूड लागतो. दहा हजार बीटीयूमागे मिनिटाला शंभर घनफूट हवा खेचणारा, असा ढोबळ हिशेब. आमच्या सहा बर्नरांना नऊशे घनफूट. आणि चारशेच्या वर गेलात की नियम म्हणतो, जेवढी हवा बाहेर फेकाल तेवढी आत घ्यायचीही सोय करा. नाहीतर तळघरातल्या बंबाचा धूर धुराड्यातून उलटा घरात येईल. तेव्हा भिंतीला आणखी एक भोक. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो हे ऐकून होतो, इथे तर कोंबडीच बारा आण्यांची होती. हूडचा एक फायदा मात्र झाला. तो लावला की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातली भांडणं थांबली.

मग सहा महिन्यांसाठी आई आली.

पहिल्या सकाळी तिने दूध तापवायला ठेवलं आणि म्हणाली, "गॅस बारीक कर रे."

मी खटका शेवटपर्यंत फिरवला.

"अरे, बारीक कर म्हटलं."

"हा बारीकच आहे, आई."

ती ज्वाळेकडे बघत राहिली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तेवढ्यात दूध वर आलं आणि बिडाच्या जाळीवरून खाली उतरलं. मला एकदम उमगलं, की गेले आठ महिने मी जगाला एकच प्रश्न विचारत हिंडलो होतो, हिची आच किती मोठी होते? किती बारीक होते, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आणि आपला सगळा स्वयंपाक तर बारीक गॅसवर चालतो! साय धरायची ती बारीक गॅसवर, तूप कढवायचं ते बारीक गॅसवर, भाताला शेवटची वाफ, वरणाला उकळी आल्यानंतरचं सगळं आयुष्य, सगळं बारीकच.

अठरा हजारांच्या ज्वाळेवर दोन कप चहा ठेवला की आधी भांड्याचा कान तापतो, मग चहा. जाळीच्या दांड्यांमधलं अंतर एवढं की फोडणीचं कढलं एका बाजूला कलंडतं. आईने शोध घेतला तेव्हा मागच्या रांगेत डावीकडे एक लहानसा बर्नर सापडला, जो खरोखर बारीक होत होता. त्यावर तिने वाईहून आणलेली लोखंडी गोल जाळी ठेवली आणि पुढचे सहा महिने या घरचा स्वयंपाक त्या एका चुलीवर चालला. उरलेल्या पाच बर्नरांवर पोळ्यांचा डबा, तेलाची बरणी आणि वाळत घातलेला कढीपत्ता. ओव्हनमध्ये कढया. हे बायकोने मला सांगितलं नव्हतं, आणि थँक्सगिव्हिंगला मी ओव्हन तापवायला लावला. आत एका कढईवर प्लास्टिकचं झाकण होतं. होतं.

एका रविवारी शेगडी आपोआप टकटक करू लागली. ठिणगी पडायची, ज्योत एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने गायब. तंत्रज्ञ बोलावला. त्याने बर्नरची पितळी टोपी उचलली, टॉर्च मारला, चिमट्याने काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मोहरी. एक दाणा. तिच्यामुळे टोपी केसभर तिरकी बसली होती. घरी येण्याचे म्हणून एकशे चाळीस डॉलर झाले. इतकी महाग मोहरी कुठल्या वाण्याकडे मिळत नसेल.

जाताना मात्र तो शहाणपण देऊन गेला. टोप्या धुतल्या की पूर्ण वाळवून मगच बसवा, ओल्या राहिल्या की टकटक होणारच. भोकं बुजली तर सुईने मोकळी करा, टूथपिकने नको, कारण ती आतच मोडते. ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरू नका, हवेची वाट बंद होते. आणि स्टील पुसायचं ते त्याच्या रेघांच्या दिशेने. आई शेजारीच उभी होती. इंग्रजी कळत नव्हतं, पण हातवारे कळले. "मी पण चाळीस वर्षं हेच करतेय," ती म्हणाली, "मला कुणी एकशे चाळीस दिले नाहीत."

परत गेल्यावर तिने वाईच्या अख्ख्या आळीला सांगितलं म्हणे, "पोराने अठरा हजारांची शेगडी घेतली. एक चूल बरी चालते तिची."

तेव्हा वाचकहो, अशी शेगडी घ्यायला निघालात तर मोठ्या ज्वाळेवर भाळू नका. खटका उलट्या टोकापर्यंत फिरवा आणि किती बारीक होते ते बघा. जमलं तर पिशवीत अर्धा लिटर दूध घेऊन जा. विक्रेता हसेल, हसू द्या. दूध उतू गेलं नाही, तरच सही करा.